वर्डमध्ये एक प्रकरण पूर्ण लाल, दुसऱ्यात एकही रेघ नाही: शुद्धलेखन तपासणी नीट कशी लावायची?

पानवेल

नमस्कार मंडळी. वनस्पतींची ओळख करून देणारं एक मराठी पुस्तक आम्ही काही जण मिळून लिहितो आहोत. प्रकरणं वेगवेगळ्या लेखकांनी आपापल्या संगणकावर टाइप केली आणि ती सगळी एका वर्ड फाइलमध्ये आणून एकसारखी करण्याचं काम माझ्याकडे आहे. विंडोज आणि वर्ड दोन्ही अलीकडच्या आवृत्तीचे आहेत. मजकूर मराठी, अधूनमधून इंग्रजी संज्ञा, आणि शास्त्रीय नावं रोमन लिपीत.

अडचण ही की शुद्धलेखन तपासणी प्रत्येक प्रकरणात वेगळी वागते.

पहिलं प्रकरण जवळजवळ पूर्ण लाल आहे. 'आहे', 'आणि', 'नाही' यांच्याखालीसुद्धा नागमोडी रेघ. पण मधेच 'वृक्ष', 'रंग', 'जल' असे शब्द स्वच्छ सुटलेत. दुसऱ्या प्रकरणात रेघा मोजक्याच आहेत आणि त्यातल्या बऱ्याच खऱ्या चुकांवर आहेत, म्हणजे तिथे तपासणी काम करते आहे. तिसऱ्यात एकही रेघ नाही. मजकूर निर्दोष असेल म्हणावं, तर पहिल्याच पानावर 'परागिभवन' आणि 'उज्वल' दिसतात. त्याच प्रकरणात 'शेंग'च्या जागी काही ठिकाणी नुसतं अवतरणचिन्ह आणि पुढे 'ोंग' असं काहीतरी छापलेलं दिसतं.

'पांढऱ्या' हा शब्द मी शब्दकोशात घातला. एका प्रकरणातली त्याची लाल रेघ गेली, दुसऱ्यात तशीच आहे. शब्द दोन्हीकडे अगदी सारखा दिसतो.

शिवाय ऑटोकरेक्टचा त्रास आहेच. आम्लता दाखवणारी खूण, छोटा पी आणि मोठा एच, वाक्याच्या सुरुवातीला किंवा तक्त्याच्या घरात लिहिली की दोन्ही अक्षरं मोठी होतात. उपमुद्द्यासाठी कंसात इंग्रजी सी लिहिलं की कॉपीराइटची खूण येते.

सगळं बंद करून टाकणं मला जमतं, पण ते नको आहे. पुस्तक विद्यार्थ्यांच्या हातात जाणार आहे, मला तपासणी हवी आहे. कुठून सुरुवात करू?

साधासोपा

फाइल, मग ऑप्शन्स, मग प्रूफिंग. तिथे 'टाइप करताना स्पेलिंग तपासा' या अर्थाची खूण काढून टाका. लाल रेघा गेल्या की मजकूर शांतपणे वाचता येतो. लिहून झालं की एफ७ दाबून एकदाच तपासणी चालवा. मी सगळं लेखन असंच करतो. रेघा समोर असल्या की वाक्य पूर्ण होण्याआधीच हात मागे जातो.

खिळेजुळणी

लिहिताना रेघा बंद ठेवायची साधासोपा यांची सवय चांगली आहे आणि लेखकांना मीही तेच सांगते. पण पानवेल, तुमचं काम लिहिण्याचं नाही, तपासण्याचं आहे. शिवाय सध्याच्या स्थितीत एफ७ दाबलंत तरी तेच होईल: पहिलं प्रकरण प्रत्येक शब्दाला अडेल आणि तिसरं न बघता पुढे जाईल. म्हणून काहीही बंद करण्याआधी रोग ओळखू या. मी मुद्रितशोधनाचं काम करते आणि अनेक लेखकांच्या फाइली एकत्र आल्या की हे चित्र ठरलेलं असतं.

मुळातली गोष्ट ही आहे की वर्ड लिपी बघून भाषा ठरवत नाही. मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला भाषेचं एक लेबल चिकटलेलं असतं, जसं ठळक किंवा तिरपं अक्षर हे त्या तुकड्याचं रूप असतं तसं. तपासणी ते लेबल वाचते आणि त्या भाषेचा कोश उघडते. देवनागरी ही मराठीचीही लिपी आणि हिंदीचीही, त्यामुळे लेबल चुकलं तर डोळ्यांना काहीच कळत नाही.

तुमच्या पहिल्या प्रकरणाला हिंदीचं लेबल आहे. तुम्ही दिलेल्या शब्दांतच ते दिसतं: 'वृक्ष', 'रंग', 'जल' हिंदीतही तसेच लिहितात म्हणून सुटले, आणि 'आहे', 'आणि', 'नाही' हिंदीत नाहीत म्हणून लाल झाले. हे होतं कसं? विंडोजमध्ये कीबोर्ड जोडताना लेखकाने हिंदीचा जोडलेला असतो. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डच्या हिंदी मांडणीतही 'ळ' मिळतो, त्यामुळे मराठी लिहिताना काही अडत नाही आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. पण वर्ड मजकुराची भाषा त्या कीबोर्डवरून घेतो.

यात लाल रेघांपेक्षा मोठा धोका न आलेल्या रेघांचा आहे. मराठीत 'की' दीर्घ. हिंदीत 'कि' आणि 'की' दोन्ही आहेत. म्हणजे हिंदी लेबलाखाली 'असे दिसते कि' ही चूक बिनबोभाट पुढे जाते. 'पाने' हिंदीतही क्रियापदाचं रूप आहे, म्हणून तो शब्द सुटतो, पण 'पानांना' लाल होतो. तेव्हा त्या प्रकरणात जिथे रेघ नाही तो शब्दसुद्धा तपासलेला नाही असंच धरा.

आता खात्री करून घ्या. पहिल्या प्रकरणातल्या एखाद्या शब्दात कर्सर ठेवा आणि खिडकीच्या तळाशी पट्टीवर बघा, तिथे भाषेचं नाव असतं. नसेल तर त्या पट्टीवर उजवी क्लिक करून 'लँग्वेज'वर खूण करा. आणखी बारकाईने बघायचं असेल तर शिफ्ट+एफ१ दाबा. बाजूला एक कप्पा उघडतो, त्यात त्या शब्दाचा फाँट आणि भाषा दोन्ही लिहिलेले असतात. प्रत्येक प्रकरणात चार-पाच ठिकाणी असं बघून घ्या, कारण एकाच परिच्छेदात दोन लेबलंही असू शकतात.

दुरुस्ती अशी. पूर्ण प्रकरण निवडा, रिव्ह्यू टॅबमध्ये लँग्वेज, मग 'सेट प्रूफिंग लँग्वेज'. यादीतून मराठी निवडा. त्याच चौकटीत खाली दोन खुणा आहेत आणि माझा जोर त्यांच्यावर आहे. एक, 'स्पेलिंग आणि ग्रामर तपासू नका'. दुसरी, 'भाषा आपोआप ओळखा'. निवडलेल्या भागात काही मजकूर तपासायचा आणि काही न तपासायचा अशी सरमिसळ असेल, तर पहिल्या खुणेच्या जागी टिक किंवा रिकामी चौकट न दिसता भरलेला चौकोन दिसतो. लोक तो बघून तसाच सोडतात. तसा सोडला तर आतली सरमिसळ कायम राहते. एकदा क्लिक केलं की टिक येते, पुन्हा केलं की चौकट रिकामी होते. रिकामी होईपर्यंत क्लिक करा. दुसरी खूण काढून टाका, म्हणजे वर्ड पुन्हा स्वतःच्या अंदाजाने लेबल बदलणार नाही. मग एखाद्या इंग्रजी वाक्यात कर्सर ठेवून त्याचं लेबल इंग्रजीच आहे ना ते पाहा, नसेल तर तेवढंच निवडून बदला. शास्त्रीय नावांना मात्र 'तपासू नका' हेच लेबल योग्य. त्यांच्यासाठी एक अक्षरशैली करून घ्या: शैली बदलण्याच्या चौकटीत फॉरमॅटखाली भाषाही ठरवता येते. तिरपं अक्षर आणि 'तपासू नका' दोन्ही एका शैलीत बसतात.

कंट्रोल+ए दाबून सगळं निवडलं की सगळं निवडलं गेलं असं वाटतं, पण तळटिपा, पानाच्या डोक्यावरचा मजकूर आणि मजकूर-चौकटी त्यात येत नाहीत. तुमच्या पुस्तकात चित्रांखालच्या ओळी चौकटींत असतील तर तिथे जाऊन वेगळं करावं लागेल.

तिसऱ्या प्रकरणाच्या शांततेची कारणं तीन असू शकतात. मजकुरावर 'तपासू नका' लागलेलं असेल. किंवा ऑप्शन्समध्ये प्रूफिंगच्या तळाशी 'फक्त या दस्तऐवजातल्या चुका लपवा' अशी खूण असते, ती लागलेली असेल. ही खूण फाइलबरोबर प्रवास करते. पण तुमचं सगळं आता एकाच फाइलमध्ये आहे आणि इतर प्रकरणांत रेघा दिसतात, म्हणून हे कारण बाद. तिसरं, ज्या भाषेचं लेबल आहे तिचं तपासणी-साधन तुमच्या संगणकावर बसवलेलंच नसेल. अशा वेळी वर्ड बहुधा वर पिवळी पट्टी दाखवतो, आपण ती बंद करतो आणि विसरतो. साधन नसलं की रेघ येत नाही. ऑप्शन्समध्ये लँग्वेज उघडलंत की प्रत्येक भाषेपुढे साधन बसवलेलं आहे की नुसतं उपलब्ध आहे ते लिहिलेलं असतं. दुसऱ्या प्रकरणात मराठी तपासली जाते म्हणता, म्हणजे तुमच्याकडे मराठीचं साधन आहे. उरलं पहिलं कारण. एफ७ चालवून बघा. शेवटी 'तपासू नका अशी खूण असलेला मजकूर वगळला' असा संदेश आला तर निदान पक्कं.

सगळं झालं की ऑप्शन्समधल्या प्रूफिंगमध्ये 'रीचेक डॉक्युमेंट'चं बटण दाबा. आधी कुणी 'सगळीकडे दुर्लक्ष करा' म्हटलेले शब्द त्याने पुन्हा तपासाला येतात. दुसऱ्याने काय सोडून दिलं होतं हे आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून ते सगळं नव्याने समोर आलेलं बरं.

शब्दकोश आणि ऑटोकरेक्टबद्दल नंतर लिहिते. आधी हे करून काय होतं ते कळवा.

पानवेल

खिळेजुळणी, मनापासून आभार. पहिल्या प्रकरणावर खरंच हिंदीचं लेबल होतं. मराठी केल्यावर लाल समुद्र ओसरला आणि त्याखालून खऱ्या चुका वर आल्या. 'कि' बऱ्याच ठिकाणी निघालं. तिसऱ्या प्रकरणात 'तपासू नका' लागलेलं होतं, तेही काढलं. त्या लेखकांना विचारलं तर ते म्हणाले, त्यांनी मजकूर आधी कृतिदेव फाँटमध्ये टाइप केला होता आणि नंतर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा संकेतांक देणाऱ्या पद्धतीत, बदलून घेतला. याचा 'श' गायब होण्याशी संबंध आहे का?

'पांढऱ्या'चं कोडं तसंच आहे. 'वाऱ्याने', 'दुसऱ्या', 'झऱ्याकाठी' हेही शब्द एका प्रकरणात लाल, दुसऱ्यात नाहीत, आणि आता लेबल दोन्हीकडे मराठीच आहे.

टंकनिका

संबंध आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटांत मराठी अक्षर हे खरं तर इंग्रजी अक्षराचं चित्र असतं. फाइलच्या पोटात इंग्रजीच असतं, फाँट त्याला मराठी चेहरा देतो. वर्डला ते निरर्थक इंग्रजी वाटतं, म्हणून सगळं लाल होतं, आणि म्हणूनच टंकलेखक सगळ्या मजकुरावर 'तपासू नका' लावून टाकतात. मजकूर जागच्या जागी युनिकोडमध्ये बदलला तर ते लेबल तसंच मागे राहतं. तुमचं तिसरं प्रकरण त्यामुळेच गप्प होतं.

'श'ची गोष्ट अशी. कृतिदेवमध्ये अर्धा 'श' हा साध्या एकेरी अवतरणचिन्हाच्या जागी असतो आणि अर्धा 'ष' दुहेरीच्या जागी. पुढे काना लावला की पूर्ण अक्षर होतं. वर्डमध्ये 'सरळ अवतरणांच्या जागी वळणदार अवतरणं' ही सोय चालू असेल तर टाइप करता करता तो साधं चिन्ह बदलून वळणदार टाकतो, आणि वळणदार चिन्हाच्या जागी फाँटमध्ये 'श' नसतो. मग बदलणाऱ्या प्रणालीला तिथे अवतरणचिन्हच दिसतं. 'शेंग'चं जे झालंय ते हेच. 'ष' असलेले शब्दही बघा. 'औषधी', 'वर्षा', 'पोषक' तुमच्या पुस्तकात असणारच.

आणखी एक जागा तपासा: प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं अक्षर. कृतिदेवमध्ये छोटी इंग्रजी ई म्हणजे 'म' आणि मोठी ई म्हणजे अर्धा 'म'. छोटा डी 'क', मोठा डी अर्धा 'क'. 'वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करा' ही खूण चालू असली की परिच्छेदाच्या सुरुवातीचं 'मराठी' हे 'म्राठी' होऊन बसतं आणि 'कमळ'चं 'क्मळ' होतं. लेखकाने बरोबर टाइप केलेलं असतं, बदल त्याच्या नकळत होतो.

युनिकोड झालेल्या मजकुरात हे एकेक करून दुरुस्त करण्यापेक्षा लेखकांकडे मूळ कृतिदेव फाइल असेल तर ती मागवा. तीत आधी वळणदार अवतरणांची सोय बंद करा: ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स, 'टाइप करतानाच ऑटोफॉरमॅट' हा टॅब. मग शोधा-बदलाच्या चौकटीत दोन्हीकडे साधं एकेरी अवतरणचिन्ह टाकून सगळे बदला. शोधताना वर्ड साधं आणि वळणदार एकच धरतो, आणि सोय बंद असल्याने बदलून साधंच टाकतो. दुहेरीसाठीही तेच. मूळ फाइलमध्ये 'श', 'ष' परत आलेले डोळ्यांना दिसतील. त्यानंतर पुन्हा युनिकोडमध्ये बदला. परिच्छेदांची पहिली अक्षरं मात्र डोळ्यांनीच बघावी लागतील, त्याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

निळीशाई

'पांढऱ्या'चं उत्तर माझ्याकडे आहे. मी कीबोर्डच्या मांडण्यांवर काम केलं आहे.

हा आडवा, पापणीसारखा अर्धा 'र' युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो. एक रीत: 'ऱ' म्हणजे ०९३१ आणि त्यापुढे हलन्त म्हणजे ०९४डी. दुसरी रीत: साधा 'र' ०९३०, हलन्त ०९४डी, आणि त्यापुढे न दिसणारा जोडक २००डी. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ती वेगवेगळी अक्षरमालिका आहे. तुम्ही कोशात घातलेला 'पांढऱ्या' एका रीतीचा, लाल राहिलेला दुसऱ्या रीतीचा.

खात्री करायला वर्डमध्ये ऑल्ट+एक्स वापरा. कर्सरच्या आधीच्या अक्षराचा संकेतांक तिथेच दिसतो, पुन्हा तेच दाबलं की अक्षर परत येतं. जोडाक्षराच्या आत कर्सर शिरत नसेल तर बॅकस्पेसने एकेक घटक मागून काढत जा आणि प्रत्येक वेळी ऑल्ट+एक्स दाबून बघा, मग कंट्रोल+झेडने सगळं पूर्ववत करा.

मी पहिली रीत ठेवायचा सल्ला देईन, त्यात अदृश्य काही नाही. इनस्क्रिप्टमध्ये ती शिफ्ट+जे, मग डी, मग 'य'ची कळ अशी येते. बदलताना चुकीच्या रीतीचा 'ऱ्य' त्या प्रकरणातून उचलून 'शोधा'मध्ये चिकटवा, बरोबर रीतीचा 'बदला'मध्ये. आधी एकच शब्द बदला, ऑल्ट+एक्सने संकेतांक तपासा, बरोबर असला तरच सगळे बदला. 'ऱ्ह'साठी वेगळं करावं लागेल. 'ऱ्हास', 'गुऱ्हाळ' यांत तोच प्रश्न आहे.

असाच जुळा 'ॲ'चा आहे. २००८ साली युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत 'ॲ'ला स्वतःचा संकेतांक मिळाला, ०९७२. त्याआधी 'अ' आणि वरचा चंद्र असे दोन तुकडे जोडून तो लिहीत, आणि आजही काही कीबोर्ड तसाच टाकतात. 'ॲसिड' असा शब्द पुस्तकात असेल तर तोही एकदा बघून घ्या. हे केवळ लाल रेघेपुरतं नाही. विद्यार्थी उद्या ई-पुस्तकात 'पांढऱ्या' शोधतील तेव्हा अर्धी फुलं त्यांना सापडणार नाहीत.

मोकळाकोश

तुमच्यातले काही लेखक वर्डऐवजी लिबरऑफिस हा मोफत प्रोग्रॅम वापरत असतील तर त्यांच्यासाठी थोडं. तिथे भाषेचे खण वेगळे असतात: पाश्चात्त्य, आशियाई, आणि जटिल लिपी. देवनागरी तिसऱ्या खणात येते. टूल्स, ऑप्शन्स, मग भाषांच्या विभागात जटिल लिपीचा खण चालू करून तिथे मराठी निवडायची. लोक पहिल्या खणात मराठी शोधत बसतात आणि काहीच बदलत नाही म्हणून सोडून देतात. यादीत भाषेच्या नावापुढे छोटी खूण दिसली तर तिचा कोश बसवलेला आहे. नसली तर मराठीचा हनस्पेल कोश (हनस्पेल हे तिथलं तपासणी-साधन) एक्स्टेन्शन म्हणून घ्यावा लागतो. शिफ्ट+एफ७ ने रेघा चालू-बंद होतात.

लांब शब्द तुम्ही टाइप करत असताना तो स्वतःच पुढचं पूर्ण करतो आणि एंटर दाबलं की ते मजकुरात शिरतं, ती 'वर्ड कम्प्लीशन' नावाची सोय आहे, ऑटोकरेक्टच्याच चौकटीत. मी ती बंद ठेवतो.

पानवेल

निळीशाई, ऑल्ट+एक्सने सिद्ध झालं, दोन वेगळे 'ऱ्य' होते. बदलल्यावर 'पांढऱ्या' सगळीकडे शांत झाला. टंकनिका, मूळ कृतिदेव फाइल मिळाली आहे, 'श' परत आले, आणि परिच्छेदाच्या सुरुवातीला खरोखरच 'म्हत्त्व' आणि 'क्ळी' सापडले. ते नजरेतून सुटलेच असते.

आता उरलं ऑटोकरेक्ट आणि शब्दकोश. एक सहकारी म्हणतात की नेहमीच्या चुका ऑटोकरेक्टमध्ये घालून टाका, म्हणजे आपोआप सुधारतील. आणि शब्दकोशात मी 'पर्णदंड' घातला, तरी 'पर्णदंडाच्या' लालच आहे.

खिळेजुळणी

शब्दकोशापासून सुरू करते. वर्डच्या स्वतःच्या कोशात तुम्ही घातलेला शब्द जसाच्या तसा जुळला तरच रेघ जाते. इंग्रजी नामाची रूपं हाताच्या बोटांवर मोजता येतात. मराठीत सामान्यरूप होतं, त्यावर प्रत्यय, त्यावर शब्दयोगी अव्यय, आणि वर 'ही' नाहीतर 'सुद्धा'. पर्णदंड, पर्णदंडाचा, पर्णदंडाच्या, पर्णदंडापासून, पर्णदंडांवरील, पर्णदंडांवरीलसुद्धा. याच कारणाने लेबल बरोबर असूनही मराठीत काही लाल रेघा राहणारच. त्या शून्यावर आणण्याच्या मागे लागू नका. मी काय करते सांगते: पुस्तकातल्या पारिभाषिक शब्दांची यादी करते, प्रत्येकाची त्या पुस्तकात खरोखर आलेली रूपं लिहिते, आणि पुस्तकासाठी वेगळा कोश बनवते. ऑप्शन्स, प्रूफिंग, कस्टम डिक्शनरीज, मग न्यू. कोशाची भाषा 'सर्व भाषा' किंवा मराठी ठेवा. तिथे चुकून इंग्रजी निवडली गेली तर मराठी मजकुरासाठी तो कोश उघडतच नाही आणि आपण शब्द घालत बसतो.

हा कोश म्हणजे साधी मजकूर फाइल असते, एका ओळीवर एक शब्द. नोटपॅडमध्ये उघडून यादी एकदम चिकटवता येते, फक्त साठवताना एन्कोडिंग यूटीएफ-१६ एलई ठेवा आणि वर्ड आधी बंद करा. कोशात शब्द घालण्याआधी तो दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या, ही माझी कळकळीची विनंती आहे. मजकुरातली चूक एका ठिकाणी असते; कोशात शिरलेली चूक पुढच्या प्रत्येक पानावर बरोबर ठरते. 'ॲड टू डिक्शनरी' हे उजव्या क्लिकवर इतकं जवळ असतं की घाईत 'परागिभवन'ही आत जातं.

आता ऑटोकरेक्ट. तुमच्या सहकाऱ्यांची कल्पना अर्धी बरोबर आहे. ज्या चुकीच्या रूपाला मराठीत दुसरा काहीही अर्थ नाही तेवढंच यादीत घाला. 'उज्वल'चं 'उज्ज्वल', 'महत्व'चं 'महत्त्व', 'आशिर्वाद'चं 'आशीर्वाद' हे चालेल. पण ऑटोकरेक्ट पूर्ण शब्द बघतं, म्हणून 'महत्व' घातल्याने 'महत्वाचे' सुधारणार नाही. 'महत्वाचा', 'महत्वाची', 'महत्वाचे', 'महत्वाच्या' हे सगळे वेगळे घालावे लागतात. आणि 'आणी'चं 'आणि' असं कधीही घालू नका. 'ती रोज रानातून फुले आणी' हे चांगलं मराठी वाक्य आहे, रीतिभूतकाळ आहे. ऑटोकरेक्ट ते मोडेल आणि मोडल्याचं सांगणारही नाही. लाल रेघ निदान विचारते, ऑटोकरेक्ट विचारत नाही. म्हणून शंका असेल तो शब्द रेघेसाठी सोडा.

हीच बाब सुचवलेल्या शब्दांची. इंग्रजीत याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. जुन्या कोशांत 'कोऑपरेशन' हा शब्द मधल्या संयोगचिन्हासहच होता. चिन्हाशिवाय लिहिला की तपासणी 'कुपर्टिनो' हे अमेरिकेतल्या एका गावाचं नाव सुचवायची, आणि युरोपीय संघाच्या अधिकृत कागदपत्रांतसुद्धा सहकार्याच्या जागी त्या गावाचं नाव छापलं गेलं. पहिला पर्याय न वाचता स्वीकारला की हे होतं. तपासणीच्या चौकटीतल्या 'सगळे बदला' या बटणाला तर तुमच्यासारख्या पुस्तकात हातच लावायचा नाही.

ही यादी भाषेनुसार वेगळी असते. ऑटोकरेक्टची चौकट उघडाल तेव्हा तिच्या मथळ्यातच भाषेचं नाव असतं. मराठी नोंदी घालण्याआधी कर्सर मराठी मजकुरात ठेवा आणि मथळ्यात मराठी आहे ना ते वाचा.

छोटा पी मोठा एचसाठी: त्याच चौकटीत 'वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करा' आणि 'तक्त्याच्या घरातलं पहिलं अक्षर मोठं करा' या दोन्ही खुणा काढा. मराठीला मोठी-छोटी अक्षरं नाहीत, त्यामुळे तुमचं काही बिघडत नाही. जवळच 'एक्सेप्शन्स' असं बटण दिसेल, पण त्यातला पहिल्या अक्षराचा टॅब ज्या संक्षेपांनंतर पूर्णविराम येतो त्यांच्यासाठी आहे, तुमच्या कामाचा नाही. कॉपीराइटची नोंद खालच्या यादीत वरच सापडेल, ती निवडून डिलीट करा. अधूनमधूनच अडत असेल तर बदल झाल्याबरोबर कंट्रोल+झेड दाबा. फक्त तो बदल मागे जातो, तुमचं टाइप केलेलं राहतं.

फाइल लेखकांकडे परत पाठवाल तेव्हाचं एक सांगून ठेवते. भाषेची लेबलं फाइलबरोबर जातात, त्यामुळे आज लावलेली मराठी त्यांच्याकडेही मराठीच राहील. तुमचा कोश आणि ऑटोकरेक्टची यादी मात्र तुमच्याच संगणकावर राहतात. कोशाची फाइल प्रत्येकाला वेगळी पाठवा, आणि ती त्यांनी कस्टम डिक्शनरीजमध्ये 'ॲड' करून जोडायची. हिंदी कीबोर्ड असलेल्या लेखकांना मात्र आधी विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड जोडायला सांगा, नाहीतर ते जी नवी ओळ लिहितील ती पुन्हा हिंदीचंच लेबल घेऊन येईल.

पानवेल

कीबोर्डचं आजच सगळ्यांना कळवते. पारिभाषिक शब्दांची यादी सुरू केली आहे. ती कोशात घालण्याआधी दोघांकडून वाचून घेणार आहे, एक वनस्पतिशास्त्र शिकवणारे आणि एक मराठीच्या शिक्षिका.